चाकांना रिठ्याची पट्टी

ठाण्याच्या गुप्ते डॉक्टरांची मोटार सहदेव चालवायचा. त्यांच्या लेकीला, प्रमिलाला, शाळेत त्यानंच नेलं-आणलं, म्हणून तिला सासरी पोचवायचं तेही आपणच, असं त्यानं मनाशी धरलेलं. पण लग्नाचे पाहुणे कसाऱ्याच्या घाटातून आणताना ब्रेकची काळी भुकटी चाकांवर तेलकट होऊन बसली. लग्नाच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सहदेव, असली कळकट चाकं मांडवापुढं नकोत. हे काळं निघालं नाही तर भाड्याची गाडी सांगतो."

सहदेवानं साबण लावून पाहिला, मग चुलीतली राख घेतली. दोन हात मारले आणि चाकाच्या रंगावर ओरखडे उठले.

शेजारची तुळसा, मिठागरावर उभा जन्म गेलेली आगरीण, कुंपणावरून ओरडली, "आरं मुडद्या, चाक हाय का तवा? दुखरा पाय कोन घासतं का?"

तिनं रिठे उकळले आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या त्यात भिजवून चारी चाकांना बांधल्या. दुपारभर त्यांवर तेच पाणी शिंपत राहिली. मग वाळक्या घोसाळ्याच्या जाळीनं हलकेच पुसलं, तसा काळा थर सायीसारखा सुटला. ओरखडे राहिले, पण लांबून दिसेनात. डॉक्टरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नवरीला घेऊन निघालेला सहदेव आधी तुळसाच्या दारी थांबला.

"आरं, नवरी घेऊन हितं कशाला?"

"तुझ्यामुळं आज गाडीवर बसलोय, तुळसाबाय," म्हणत त्यानं हात जोडले. प्रमिलानंही आतून जोडले.

तुळसा मात्र चाकांकडंच बघत होती. "बरं बरं, जा आता. आन् ब्रेक जरा बेतानं दाब!"