आईच्या खोलीतला दुसरा ठिपका

मीरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला साडीचा पदर उलगडून दाखवत होतो... डेंगीचं निमित्त झालं. माझी धाकटी बहीण पुण्यात एका संस्थेत बिनतारी लहरींवर काम करायची. कुणी खोलात विचारलं की मी "टॉवरचं काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायचो.

आई जुन्या घरी एकटी राहते, दुकानापासून हाकेच्या अंतरावर. कॅमेऱ्याला तिने साफ नकार दिला. "मला कैद्यावानी बघू नका." म्हणून मागल्या दिवाळीत मीराने भिंतीवर एक फळी ठोकली. तिच्यावर चार अँटेना, एकमेकींपासून कमीजास्त अंतरावर. ज्या लहरींवरून तिचं आईशी बोलणं व्हायचं, त्याच लहरी आई खोलीत कुठे आहे तेही सांगायच्या. चित्र नाही, तिच्या नि माझ्या मोबाइलवर नुसता एक ठिपका. मी म्हणालो, "लई वेडंवाकडं दिसतंय, सारख्या अंतरावर लाव की." ती हसली. "दादा, थोडक्या अँटेनांत भागवायचं तर अंतर असंच लागतं. सारखं केलं तर एका माणसाची दोन दिसतील." मी कुठलं ध्यानात ठेवतोय...

तिच्या दहाव्याला पाहुणे येणार म्हणून भिंतीला रंग दिला. फळी परत लावताना मी टेप घेऊन चारही अँटेना एका मापात बसवल्या. बहिणीची वस्तू नीटनेटकी दिसावी, एवढंच मनात होतं.

पाहुणे पांगले. दुकानातून मोबाइल बघितला की आईच्या खोलीत दोन ठिपके दिसायचे. वाटायचं, शेजारची कुणी बसायला आलीय. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. मग आईकडे संध्याकाळी जाऊ, उद्या जाऊ... एका दुपारी दोन्ही ठिपके बराच वेळ हललेच नाहीत, म्हणून गेलो. आई एकटीच फळीखाली भिंतीला टेकून बसली होती. जेवणाचं ताट झाकलेलं, तसंच.

"कोण आलतं?"

"कोण येणार?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू कावून आलास? दुकान बंद हाय का?"

मला मान वर करवेना. मीराला पुण्यातून आई दिसत होती. मला हाकेवरून दिसली नाही, आणि वर तिच्या सोबतीला कुणीतरी आहे असं समजून मी निवांत गल्ल्यावर बसलो होतो. ती लाज अजून जात नाही.

मीराचं "एका माणसाची दोन" तेव्हा कुठे आठवलं. फळीवर तिने पाडलेली जुनी भोकं शाबूत होती. अँटेना तिथेच परत बसवल्या. आता दुपारी आईकडेच जेवतो. परवा जेवता जेवता मोबाइल बघितला, तर दोन ठिपके. विश्वास बसेना. उष्टा हात तसाच घेऊन बाहेर ओट्यावर गेलो. एकच उरला.

आत आलो, तर मी दुकानात गेलो असं समजून आईने माझं ताट झाकून ठेवलं होतं.