ओढ्याकाठची शेळी

नातसुनेनं वसमतच्या घरात भिंतीला मोठं चित्र लावलंय. परदेशातलं हाय म्हणे. काळं आभाळ, त्याखालून पडलेलं ऊन, अन् ओढ्यातून येणारी बैलगाडी. मी बघतच राहिलो.

आमचं पहिलं लेकरू घेऊन बायको माहेराहून येणार होती, तवा असंच आभाळ होतं. तिला आणून सोडायचं काम तिच्या भावाचं. नवरा वाट बघत उभा राहिला तर गाव हसायचं. पण ओढ्याला पाणी चढून राहिलं होतं. मी गुमान काठावर गेलो. पलीकडं काहीच दिसंना.

मग ढगाखालून मावळतीचं ऊन आलं. पाण्यात बैलांची ओली शिंगं चमकली, मागं तिचं हिरवं लुगडं, छातीशी धरलेलं लेकरू. गाडी काठावर चढली, लेकरू रडलं, अन् माझा जीव भांड्यात पडला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी इथं काहून?"

"शेळी हुडकून राहिलो."

बायको पदराआड हसली. आमच्या घरी शेळीच नव्हती.

आज तीबी चित्रासमोर येऊन उभी राहिली. चष्मा सावरून म्हणाली, "समदं बराबर हाय. तुमची शेळी तेवढी दिसंना."

"नीट बघ," मी म्हणलो. "असंल तिथंच कुठंतरी."