देवाला विहिरीचं विचारलं नाही

पाणी पलीकडच्या काकीनं आणलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे माझ्या चुकाच एवढ्या येतील की तिचं काम त्यात झाकून जायचं. काकी म्हणजे आमच्या घराला लागून घर असलेली, बाजारात मासे विकणारी, एकटी राहणारी बाई. तिचं नाव घालत नाही. छापलेलं कुणी वाचून दाखवलं तर मलाच शिव्या घालील.

मी आठवीत शाळा सोडली. आधी वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होतो, आता मस्कतमध्ये एका कामगार छावणीच्या लॉन्ड्रीत आहे. दिवसभर वाफ आणि कढत पाणी. गावी वडील अंथरुणावर. डावी बाजू गेली, बोलणंही गेलं, नुसता आवाज निघतो. आई त्यांना रोज पुसून काढते. त्यासाठी ती न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, तापवायची. लाकडं फोडणं, फुंकणं, कढत पाण्याची बादली ओल्या फरशीवरून खोलीपर्यंत नेणं, सगळं तिनंच करायचं. एकदा ती बादलीसकट घसरली. पायावर फोड आले, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. तेव्हापासून मशीनमधून गरम पाणी गटारात सोडताना मला आईची बादली आठवायची.

जुनं मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधायला घेतलं तेव्हा गवंड्यानं फोनवर विचारलं, "सोलर लावतलास काय पावसाच्या पाण्याची टाकी बांधतलास? दोन्ही जमाचा नाय. टाकी खळ्याखाली येतली, तां आताच सांग. मगे खळा फोडूचा लागतला."

खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं अंगण. पैसे एकापुरतेच उरले होते. सोलरवाल्यानं पाठवलेलं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. अर्धं समजलं नाही, पण उन्हावर पाणी तापतं एवढं समजलं. टाकीचं मात्र हसूच आलं. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की भिंतींना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत, माणसं कावतात. तो पाऊस पैसे घालून साठवायचा?

काकीनं सांगितलं होतं. पण आमच्याशी ती सरळ बोलत नव्हती. दोन घरांमधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, वडिलांचं आणि तिचं भांडण झालं होतं, त्याला कितीतरी वर्षं झाली. त्यामुळे आमच्याशी बोलायचं ते ती तिसऱ्याच माणसाशी बोलायची. गवंड्याला म्हणाली, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, "सांग रे तेंका, चैत सरलो काय तेंची बाव खारी होता. आता तर पंप लावल्यानी. आणि पावसाळ्यात ऊन खंयसून हाडतले? झील मस्कतासून धाडतलो?"

बाव म्हणजे विहीर आणि झील म्हणजे मुलगा, मी. गवंड्यानं मला ते हसत हसत सांगितलं. मीही हसलो. मग रात्रभर झोप नाही. खाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वैशाखात विहीर थोडी मचूळ होते हे लहानपणापासून माहीत होतं. पण तेव्हा दोरीनं कळशी कळशी उपसायचो. पिण्यापुरतं नळाचं मिळायचं. चालत होतं की, मग आताही चालेल.

ठरवायची भीती वाटत होती म्हणून मी देवावर टाकलं. आईला म्हटलं, देवळात कौल लाव. आमच्याकडे घराचं, लग्नाचं, कोर्टाचं, सगळं कौल घेऊन करतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडली तर देवीचा होकार. काय विचारायचं ते मीच आईला पढवलं: "झिलान बापाशीसाठी सोलर लावचो म्हणता, तां बरां होयत काय?"

उजवी पाकळी पडली. आईनं देवळाच्या पायरीवरूनच फोन केला. मला एवढं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोन पाळ्या केल्या. सोलर लागला, खळं घातलं गेलं. पौष, माघ सगळं छान. आई म्हणायची, "झिला, नळ सोडलो काय ऊन पाणी. माका आणि काय व्हया?" पाऊस अजून लांब होता, त्यामुळे काकीच्या त्या दुसऱ्या टोमण्याचा मी विचारच केला नाही.

पहिला टोमणा चैत्र सरायच्या आधीच खरा झाला. बांधकामाला पाणी पंपानं उपसलं होतं, सोलरची टाकी भरायलाही रोज पंप. विहिरीतलं गोडं पाणी खाली गेलं आणि खाडी आत शिरली. आईनं चव घेतली आणि थुंकली. न्हाणीतल्या नळाच्या तोंडावर पांढरा थर धरला. महिनाभरात सोलरचं पाणी कोमट यायला लागलं, मग तेही येईना. माणूस येऊन बघून गेला, म्हणाला नळ्यांत खार बसला.

पण ते काहीच नव्हतं. वडिलांच्या पाठीला अंथरुणाची जखम झाली होती. आई तीच जागा खाऱ्या पाण्यानं पुसत होती, तिला तरी दुसरं पाणी कुठलं? नळ एक दिवसाआड, तोही पिण्यापुरता. व्हिडिओवर मला वडील दिसत नव्हते, आईनं फोन खिडकीत ठेवला होता. नुसता आवाज ऐकू येत होता. फडका लागला की तो आवाज. मी लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी बसून ऐकत होतो आणि म्हणत होतो, आई, थांब, नको पुसू. आई म्हणाली, "पुसूक नाय तर कुसतला रे." ती कधी रडत नाही. त्या दिवशी तिनं फोन मधेच बंद केला.

सुट्टी मागितली. करार संपेपर्यंत नाही म्हणाले. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात. भावकीतल्या दोघांना फोन केले. एक म्हणाला टँकर बघतो, दुसऱ्यानं उचलला नाही. काकीची विहीर चढावर आहे, गोडी आहे, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. पण गडग्याच्या भांडणात वडील तिला जे बोलले होते, त्यानंतर तिच्या दारात कळशी घेऊन जायला आईचा पाय उचलत नव्हता. मी मस्कतमधून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

तिला कुणी बोलावलं नाही. वडिलांचा आवाज तिच्या घरापर्यंत जात होता. बाजारातून आली, माशांची टोपली आपल्या अंगणात टाकली आणि दोन कळश्या भरून आमच्या दारात. इतक्या वर्षांनी आईशी सरळ पहिलं वाक्य बोलली ते हे, "भाण चुलीर ठेव गो. बघत काय रवलंस?"

वडिलांना तोंड एका बाजूला वळवता येतं. त्यांनी ते भिंतीकडे वळवलं. काकी म्हणाली, "फिरव, फिरव तोंड. माका तुझी पाठच व्हयी आसा."

आई हे सांगताना हसली. मला हसता आलं नाही. मी काकीला फोन द्यायला सांगितला. म्हटलं, काकी, देवीनं उजवा कौल दिला होता.

"देवीक कित्याक नावां ठेवतंस?" काकी म्हणाली. "तू सोलरचा इचारलंस, तिना सोलरचा सांगल्यान. बावचा इचारूक नाय मेल्या."

मी म्हटलं, खळं फोडून टाकी बांधतो. ती म्हणाली, "आधी बापाशीची पाठ सुकांदे. मगे काय तां फोड."

तेव्हापासून ती रोज येते. सकाळी बाजाराला जायच्या आधी दोन कळश्या, आल्यावर दोन. तिचा गुडघा दुखतो, चढाव उतरताना ती एक हात गडग्यावर ठेवते, असं आई सांगते. मी नळी टाकू म्हटलं तर म्हणाली, पंपाचं नाव माझ्या विहिरीजवळ काढू नकोस. जखम अजून भरलेली नाही. कडेनं कोरडी झालीय म्हणतात, पण मला बघवत नाही म्हणून आई दाखवत नाही, आणि दाखवत नाही म्हणून मला वाईटच वाटत राहतं. फोन लागला की मी आधी पाठीचं विचारतो. आणि एखाद्या सकाळी काकीला ताप आला तर काय, हा विचार मनातून जात नाही.

टाकीसाठी मी आणखी दोन वर्षांचा करार केला. आईला अजून सांगितलेलं नाही. दोन वर्षं वडील राहतील का, कोण सांगणार? चुकीची निवड मी केली आणि पाठ त्यांची सोलली गेली. हे कुठल्याच टाकीनं भरून यायचं नाही.

पण काकीचं मला फेडायचं आहे. तिला मूलबाळ नाही. तिला अंथरूण धरायची वेळ येऊ नये, पण आली तर मी जिथं असेन तिथून निघेन, करार असो नसो. तिच्या विहिरीतून पाणी मी उपसेन, दोरीनंच, आणि तिनं कुणाला हाक मारायच्या आधी तिच्या दारात असेन.