वखरावरचं वजन

पाच वर्षांची होते तेव्हा मला आमच्या शेतात नोकरी होती. पगार नव्हता, पण हुद्दा मोठा होता. मी वखरावरचं वजन होते.

अनसिंगजवळच्या आमच्या काळ्या रानात पेरणीआधी माती मोकळी करायला वखर चाले. बा, म्हणजे माझे वडील, बैलांमागे वखराची मूठ, रुमणं, धरून चालत आणि माय मागून जुन्या पिकाची धसकटं वेचत येई. दोघांना पाणी प्यायची फुरसत नसे. माझे पाय अनवाणी, धसकटं टोचत, म्हणून मला शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या निंबाखाली बसवत. दोघं शेताच्या पार टोकाला गेले की अंगठ्याएवढे दिसायचे. मग मी जे भोकाड पसरायची, ते शेजारच्या शिवारात ऐकू जाई.

पहिली वखरणी आटोपून दुसरी सुरू झाली, त्या दिवशी बानं औत थांबवलं आणि माझ्याकडे आला. पहिल्या वेळी वखरावर दाब द्यायला ठेवलेला धोंडा धुऱ्यावरच पडला होता. त्याच्याकडे बघून म्हणाला, "हा धोंडा थकला बापा. वजनाले कोनीतरी लागते. येतं काय व?"

मी रडणं अर्ध्यावर टाकून उठले.

वखराच्या आडव्या लाकडावर, बाच्या दिशेला तोंड करून मी बसायची. आमचा करार ठरला. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास. जातानाचं तास माझं, येतानाचं बाचं. जाताना मी बोलायचं: कोंबडी कुठं बसली, स्वप्नात कोण आलं. येताना तो बाजारातल्या थापा मारी. घरी चार शब्द न बोलणारा माणूस! एकदा म्हणाला, आपला ढवळ्या बैल माझ्यावर रुसला आहे, कारण मी पोळ्याला त्याच्या पाया पडले नाही. मी तिथल्या तिथं उतरून ढवळ्याच्या पाया पडले. माय धसकटं टाकून हसत बसली. इतकं सुख मला पुन्हा कोणत्या नोकरीनं दिलं नाही.

पण एके दिवशी शेजारचा शेतकरी धुऱ्यावरून म्हणाला, "हे चिमनी कायचं वजन देते? तो धोंडाच बरा."

नोकरी गेली तर पुन्हा निंबाखाली! दुसऱ्या दिवशी सकाळी दीड भाकर खाल्ली, तरी धीर येईना. मग परकराच्या ओच्यात मावतील तितके गोटे भरले आणि वर गाठ मारून बसले.

अर्ध्या तासातच वखर मातीत रुतला. बैल थांबले. बानं मला उचललं आणि ओचा सुटून गोटे त्याच्या पायावर पडले.

"काहून व, हे काय?"

"मले काढू नको," मी हुंदके देत म्हणाले. "मी आता जड झाली."

बा एक पाय धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग मला मांडीवर घेऊन म्हणाला, "तुले कोन काढते? तू तं पक्की हायेस." गोटे त्यानं धुऱ्यावर नेऊन टाकले आणि मला परत वखरावर बसवलं. त्या संध्याकाळी माय त्याच्या दंडांना रोजच्यासारखं तेल चोळत होती. मला वाटायचं, सगळ्याच बापांचे दंड दुखतात.

पुढे माझं लग्न झालं, लेक झाली. माय भेटायला आली तेव्हा मी कुरकुर केली, "कामातून पोरीजवळ बसाले वेळच भेटत नाही."

माय म्हणाली, "तुह्या बाले कुठं भेटे? दुसऱ्या वखरनीले वजन लागतच नाही. रान मोकळं असते. तू बसली की वखर खोल जाये. मंग तो दिवसभर रुमनं वर उचलून धरे."

समोर कणकेची परात होती. लेक दारात चुळबुळत उभी होती.

"ये व," मी म्हणाले, "हे परात लई हालून राह्यली. जरा दाबून धर बरं."

तिनं दोन्ही हातांनी परात घट्ट धरली आणि लगेच बोलायला लागली. परात काही हलत नव्हती.