चौथ्या मजल्यावरचा डावा स्पीकर

आवाज काढणारी वस्तू जुनी झाली की टाकून द्यावी, हा विचार साऱ्या जगात एकाच माणसाच्या मनाला कधी शिवलेला नाही, आणि तो माणूस जुईनगरच्या आमच्या सोसायटीत, माझ्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहतो. मी त्यांना काका म्हणतो. नात्यानं ते माझे कुणी नाहीत. पण त्यांच्या घरातल्या सगळ्या लाकडी पेट्यांचं वजन माझ्या छतावर आहे, तेव्हा आमचा संबंध तसा जवळचाच म्हणायचा. तीन रेकॉर्ड प्लेयर, दोन स्पूलचे टेपरेकॉर्डर, पाच अँप्लिफायर आणि मोजायचे मी सोडून दिलेले रेडिओ त्या वन बीएचकेत राहतात. उरलेल्या जागेत काका आणि काकू.

उरणला कुणाकडे तरी जुना रेडिओग्राम आहे असं कळलं, तेव्हा काका अंगात ताप असताना निघाले. येताना दुसरी गाडी मिळेना, म्हणून सुक्या मासळीच्या टेम्पोतून तो घेऊन आले. पुढे दोन महिने त्या रेडिओग्रामवर काहीही लावलं तरी घरभर जवळ्याचा वास दरवळायचा. काकांना त्याचं काही नव्हतं. "लाकूड बघ, लाकूड!" एवढंच ते म्हणायचे. पण जुन्या वस्तूंवरच त्यांचं प्रेम असतं तर निभावलं असतं. उद्या जुन्या होऊन मोलाच्या ठरतील अशा वस्तूही ते आजच आणून ठेवतात. एकदा भंगारवाल्याकडून चंदेरी प्लास्टिकचा, निळे दिवे लुकलुकणारा होम थिएटर घेऊन आले. मी हसलो.

"हस तू. अजून वीस वर्षांनी लोक यासाठी भांडतील."

"पण काका, वीस वर्षांनी..."

"मी नसेन रे. वस्तू असेल ना!"

"आणि ती पुसायला मी असेन," काकू आतून म्हणाल्या.

प्रत्येक वस्तूचं खोकं आणि थर्मोकोलही ते जपून ठेवतात. थर्मोकोलला माळ्यावर जागा हवी म्हणून काकूंच्या माहेरची दोन तांब्याची घंगाळं माझ्या घरी राहायला आली, ती अजून आहेत.

रविवारी संध्याकाळी मला ऐकायला बोलावणं असायचं. आधी अँप्लिफायर तापायचा, त्याला वीस मिनिटं. तोवर चहा नाही, बोलणं नाही. खाडीवरून खारट वारा यायचा, खोलीतला उजेड कमी होत जायचा आणि काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी व्हायच्या. काकांच्या खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर चिकटपट्टीनं आखलेल्या होत्या. दोन्ही स्पीकरांपासून बरोबर सारख्या अंतरावर. तिथे फक्त त्यांनी बसायचं, पाहुण्यानं बाजूच्या स्टुलावर. मग सुई टेकायची, आधी नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून कुणीतरी दूरचं माणूस गायला लागायचं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण त्या स्टुलावर बसून मी कितीतरी वेळा कर्जाचे हप्ते, ऑफिस, सगळं विसरलो आहे.

मागच्या वर्षी डावा स्पीकर बिघडला. म्हणजे काका तसं म्हणाले. आवाज बसलाय, तंबोरा येतच नाही. मला तर येत होता. पण माझ्या कानांना त्या घरात मत नाही. काकांनी वायरी बदलल्या, मग आतला पडदा बदलला. फरशीवरच्या पट्ट्या डावीकडे सरकत चालल्या. जुन्या पट्ट्यांच्या खुणा मागे राहिल्या. शेवटी सारसोळ्याचा मेकॅनिक तिसऱ्यांदा आला. त्यानं डावा स्पीकर उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे, आणि रेकॉर्ड लावली.

"आता कंचा बसलाय, काका?"

"डावाच," काका म्हणाले.

मेकॅनिक पेचकस पिशवीत टाकत हळूच म्हणाला, "मंग पेटी चांगली हाय, काका. एकदा कान दाखवून या."

काकांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. जन्मभर जमवलेलं सगळं घरात होतं आणि ते आता अर्धंच ऐकू येणार होतं. नेरुळच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावायला सांगितलं, तर काकांनी त्यांनाच प्रश्न विचारले: बास कसा आहे, आवाज फाटतो का? "काका, हे कानात घालायचंय, शोकेसमध्ये ठेवायचं नाही," असं त्या म्हणाल्या म्हणतात. एवढ्याशा प्लास्टिकमधून गाणं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं म्हणून काका घरी परतले. रविवारची बोलावणी बंद झाली.

एकदा जिन्यात भेटले, तेव्हा मी सहज म्हणालो, "काकू दुपारी काय छान गातात हो. खाली ऐकू येतं."

"कोण, ही? काहीतरीच. ही तर हल्ली बोलतसुद्धा नाही. वयानं शांत झालीय."

मला त्यांच्याकडे बघवेना. काकू मुळीच शांत झाल्या नव्हत्या. त्यांचं स्वयंपाकघर खुर्चीच्या डाव्या हाताला आहे, एवढंच. काकांनी डाव्या कानाला हात लावून पाहिला. मग आल्या पावली खाली उतरले आणि थेट नेरुळला जाऊन यंत्र घेऊन आले. त्याचं इवलंसं खोकंही माळ्यावर गेलं, होम थिएटरच्या शेजारी.

पण नवीनच पंचाईत झाली. यांना ऐकू येतंय म्हटल्यावर काकू लाजल्या. "या वयात कसलं गाणं," म्हणत दुपारच्या गप्पच बसू लागल्या. काका हिरमुसले, मलाही वाईट वाटलं. उगाच जिन्यात तोंड उघडलं असं झालं.

परवा दुपारी घंगाळांचं विचारायला वर गेलो. दार उघडंच होतं. रेकॉर्ड फिरत होती, स्पीकर मुके, आणि काका खुर्चीत डोळे मिटून, फोमच्या गाद्यांचे जुने हेडफोन लावून बसले होते. आत काकू भिजवलेले वाल सोलत गात होत्या. मला पाहून त्यांनी हातानंच सांगितलं, ते डोक्याला अडकवलं की तासभर त्यांना कशाचा पत्ता नसतो. आणि पुन्हा गाऊ लागल्या.

मग माझं लक्ष हेडफोनच्या वायरीकडे गेलं. ती अँप्लिफायरकडे जातच नव्हती. खुर्चीच्या हातावरून वळून काकांच्या सदऱ्याच्या खिशात गेली होती.

त्यांनी एक डोळा उघडला, ओठांवर बोट ठेवलं आणि स्टुलाकडे खूण केली. मी चपला काढून बसलो. गाणं डावीकडून येत होतं, अगदी स्वच्छ.