एका फोल्डरची काटकसर

माझी सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नोकरी करते. आधी वाटायचं, दिवसभर पडद्याकडे बघत बसायचं, हे कसलं काम! पण दवाखान्याच्या नर्सबाया अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जातात, त्यांनी कुणाकडे आधी जायचं नि कुणाकडे नंतर, हे तिचा प्रोग्रॅम ठरवतो.

त्यासाठी तिने वेगळं यंत्र घेतलेलं नाही. काम आलं की प्रोग्रॅम कुठल्याशा दूरच्या यंत्रावर जागा होतो, काम उरकून झोपतो. जितका वेळ जागा राहील, तेवढ्याचेच पैसे. वाटा जुळवायचं अवघड गणित तो क्वांटम संगणकाकडे धाडतो. तो मात्र बडी असामी, दर प्रश्नाला पैसे घेणारा.

"चार नर्सबायांसाठी एवढा थाट?" मी विचारलं होतं.

"आई, चौघींचं मी कागदावरही करीन. पुढे चाळीस होतील, त्यासाठी आत्ता थोडक्यात करून बघतेय."

थोडक्यात करणं तिच्या हाडातच आहे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई ती.

आज त्याच काटकसरीने घात केला. प्रश्न एका फोल्डरमध्ये पडतात. त्यात काहीही पडलं की प्रोग्रॅम जागा होतो. उत्तरांना वेगळी जागा कशाला, म्हणून तिने तीही तिथेच टाकायला सांगितली. झालं! उत्तर पडलं की हा जागा. त्यालाच नवा प्रश्न समजून संगणकाकडे, पुन्हा उत्तर, पुन्हा जागा.

दुपारी जेवून ती टेबलाशी आली नि पांढरीफटक पडली.

"अगं, भूत बघितलंस की काय?"

"आई, हे सकाळपासून आपलं आपणच चाललंय."

"मग बंद कर की!"

"केलं. पण रांगेत गेलेली कामं मागे घ्यायचीत. आणि होऊन गेली त्यांचं काय?"

ती एकेक काम मागे घेत बसली. मी उगाचच शेगडी विझवली. भीती सर्दीसारखी, शेजारच्याला लागतेच.

दवाखान्याने घरी जाऊन शुश्रूषा करायला, प्रोग्रॅमच्या खर्चासकट, वर्षाचे पैसे बाजूला ठेवलेत. ते आजच उडाले असतील, तर नव्या आजाऱ्यांना नाही म्हणावं लागणार. त्यात लकवा झालेली एक बाई आहे. तिच्या मुलाला तर होकारही कळवून झालाय.

"हिशेब उद्या दिसतो ना? मग आज नको बोलूस," मी म्हटलं. "कदाचित थोडक्यात निभावेल."

"आणि आज त्यांनी अजून कुणाला हो म्हटलं तर?"

तिने दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला, सगळं सांगितलं. चूक माझी, हेही.

"आकडा येईपर्यंत नवीन कुणाला घेत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या मुलाला मी काय सांगू?"

फोन ठेवून सून माझ्याकडे वळली.

"उद्या हिशेब उघडताना शेजारी बसाल?" तिने विचारलं.

बसेन म्हटलं. मला एवढे मोठे आकडे वाचता येत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.