भागूबाईचा धवला आणि दिनानाथचा डबा

कामणजवळच्या खाडीकाठच्या त्या गावात दिनानाथला सगळे बेंजोवाला म्हणत. खरं तर बेंजो त्याने जन्मात हातात धरला नव्हता. दिवसा तो गोडाऊनमध्ये मालाची राखण करी आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड बडवी. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी, काठ्यांनी वाजवायची. पण गावाला एवढा फरक कोण समजावणार? पार्टी बेंजोची, म्हणजे माणूसही बेंजोवाला.

२००२ साली ऑक्टोपॅडची आवाजाची पेटी जळाली. नुसती पाटी मुकी. ती माळ्यावर गेली आणि दिनानाथने पापडीच्या क्लेमेंटकडून त्याचा जुना ग्रूव्हबॉक्स आणला. क्लेमेंट चर्चमधल्या लग्नांत कीबोर्ड वाजवायचा. या डब्याच्या पोटात ढोलकी, ताशा, ट्रम्पेट, अख्खी पार्टीच होती. ठेका भरून ठेवायचा, बटण दाबायचं आणि हात झाडून मोकळं व्हायचं. दिनानाथ इतका हरखला, की जेवतानाही डबा ताटाशेजारी. त्यालाही वाढू का, असं त्याची बायको सत्यवती रोज विचारी.

हा आनंद टिकला भागूबाई भेटेपर्यंत. भागूबाई ही दिनानाथची आत्या आणि गावाची धवलारीण. हळदीला ती धवले गाते, एकेका नातलगाचं नाव गाण्यात गुंफते, आणि तिने गायल्याशिवाय लग्न लागलं असं गाव मानतच नाही. पण म्हातारीचं गाणं तिच्या दमावर चालायचं. दम पुरला तर ओळ लांब, नाही तर मध्येच विसावा. एका हळदीत दिनानाथने हौसेने तिच्या मागे डबा लावला. ती विसाव्याला थांबली, डबा आपला पुढे धावतच सुटला. दोन-तीनदा असं झालं, तशी भागूबाई पदराने तोंड पुसून उठली.

"मी दम घेते तवर तो पुरं जातो," ती म्हणाली. "जो थांबत नाय, त्याचे संगती मी गात नाय."

आता पंचाईत अशी, की पुढच्या उन्हाळ्यात दिनानाथच्या लेकीचंच, जागृतीचं लग्न ठरलं. जागृतीही बापाची लेक. आजीचा धवला हवाच, आणि पप्पा वाजवणार नसतील तर मी पाटावर बसणार नाही, असं तिने सांगून टाकलं. दिनानाथची अवस्था इकडे आड तिकडे विहीर.

मग त्याला माळ्यावरची पाटी आठवली. डबा स्वतःहून धावतो ना? मग त्याला धावूच द्यायचं नाही. पाटी डब्याला जोडायची, आणि दिनानाथ मारेल तेव्हाच डब्याने तोंड उघडायचं.

क्लेमेंटने पाच दातांची एक वायर दिली. दिनानाथने ती दोन्हीकडे 'आउट' लिहिलेल्या भोकांत खुपसली आणि सकाळभर पाटी बडवली. हूं नाही की चूं नाही. क्लेमेंटने येऊन बघितलं आणि तो पोट धरून हसला. अरे, या मिडी वायरीतून आवाज जातच नाही, हुकूम जातो, तो म्हणाला. पाटीतून बाहेर, डब्यात आत. आणि डब्यातल्या प्रत्येक वाद्याचा चॅनेलचा आकडा वेगळा, दोन्हीकडे तो एकच हवा.

दिनानाथला एकदम उजेड पडला. पाटी म्हणजे सासू, ती नुसती सांगणार. भाकऱ्या सून थापणार. आकडा चुकला तर हुकूम भलत्याच सुनेला जायचा.

वायर फिरवली, काठी मारली, आणि डब्यातून ढोलकी बोलली. दिनानाथने अंगणात अशी उडी मारली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. सत्यवती लाटणं घेऊनच बाहेर आली. तू मार, तू मार, म्हणून त्याने तिला पाटीसमोर उभी केली. तिने भीतभीत लाटण्याने एक टोला दिला, मग दुसरा, आणि त्यानंतर तिला तिथून हलवणं कठीण झालं. पोळी करपली. कुणालाच वाईट वाटलं नाही.

भागूबाईला मात्र पटेना. बरीच मनधरणी केल्यावर ती एवढंच म्हणाली, की एकदा पुढे गेला की मी उठले.

हळदीच्या दुपारी मांडव गच्च भरला. जागृती पाटावर, बायका हळद घेऊन भोवती, भागूबाई खांबाला टेकून. तिने पहिली ओळ उचलली, लांबवली, दमाला थांबली. दिनानाथने श्वास रोखून ढोलकीच्या चौकोनावर हलकेच काठी टेकवली.

डबा ट्रम्पेटसारखा केकाटला.

आदल्या दिवशी क्लेमेंटच्या भाच्याच्या लग्नात दिनानाथने ट्रम्पेटसाठी फिरवलेला चॅनेलचा आकडा जागेवर आणायचा राहून गेला होता. भागूबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि दुसरी ओळ मुद्दाम आणखी लांबवली. तो थांबला. ती थांबल्यावर त्याने मारलं. पोंऽऽ! बायका खो खो हसत सुटल्या. म्हातारीला चेव आला. ती ओळ मध्येच तोडी, मध्येच ताणी, फसवून पाही, पण दिनानाथ तिच्या ओठांवरची नजर काढेना आणि ट्रम्पेट काही तिच्यापुढे जाईना. आकडा बदलायचं त्याला सुचलंही नाही. आईचं नाव झालं, मामाचं झालं, हळद वाळायला लागली तरी मांडव दोघांना थांबू देईना.

मग बापाचं नाव आलं. भागूबाईने दिनानाथला गाण्यात घेतलं, लेक उंबरा ओलांडते आणि बाप दाराशी उभा राहतो असं गायली आणि दमाला थांबली.

काठी खाली येईना. दिनानाथला समोरची लेक नीट दिसत नव्हती. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात हवेत तसाच. कुणी तरी बायकांतून पुढची ओळ धरू गेलं, तशी भागूबाईने हात वर करून तिला गप्प केलं. दम केव्हाच भरून आला होता, तरी ती गायली नाही.

"उगी रं दिना," ती म्हणाली. "तुजं होऊं दे. मी थांबलेय."

दिनानाथने बाहीला नाक पुसलं आणि काठी हाणली. ट्रम्पेट असा काही बेंबीच्या देठापासून ओरडला, की पाटावरची जागृती रडता रडता हसायला लागली.